थडगी घडवणारा भूगर्भशास्त्रज्ञ

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील क्रोमार्टी हे गाव नकाशावर शोधावे लागते, इतके लहान आहे. अरुंद गल्ल्या, दगडी घरे, अठराव्या शतकातील सज्जे जपून ठेवलेले ईस्ट चर्च आणि गावालगतच्या टेकडीवरील सेंट रेग्युलसची जुनी दफनभूमी एवढाच त्याचा विस्तार. मात्र या दफनभूमीतील काही शिळांवर ज्या हाताने अक्षरे कोरली, त्याच हाताने पुढे भूगर्भशास्त्राचे ग्रंथ लिहिले आणि एका प्रभावी वृत्तपत्राचे अग्रलेखही. तो हात होता ह्यू मिलर यांचा.

१० ऑक्टोबर १८०२ रोजी गवताने शाकारलेल्या एका बुटक्या घरात मिलर यांचा जन्म झाला. हे घर त्यांच्या पणजोबांनी बांधले होते. वडील जहाजाचे कप्तान होते आणि शेजारीच त्यांनी प्रशस्त दुमजली घर उभारले होते. मात्र १८०७ मध्ये वादळात जहाजासह ते समुद्रात बेपत्ता झाले. त्या वेळी ह्यू अवघा पाच वर्षांचा होता. आईने शिवणकाम करून संसार चालवला. मुलाला निसर्गाची आणि वाचनाची गोडी लावली ती दोन मामांनी. शाळेत मात्र त्याचे मन रमले नाही.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८२० मध्ये, मिलर पाथरवटाच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. कष्टाच्या या कामातच त्यांना आयुष्याचा विषय सापडला. खाणीतील खडक फोडताना प्राचीन लाटांचे ठसे आणि जीवांचे अवशेष त्यांच्या नजरेस पडू लागले. सोबतचे कामगार ज्याकडे दुर्लक्ष करत, ते मिलर वेचून ठेवत. कामाच्या शोधात ते एडिंबरोजवळ गेले. पण तेथे दगडाच्या भुकटीने त्यांची फुप्फुसे कायमची बाधित झाली. गावी परतल्यावर त्यांनी थडग्यांच्या शिळा कोरण्याचे तुलनेने हलके काम पत्करले. त्यांची कविता आणि गावाच्या दंतकथांचा संग्रह याच काळात आकाराला आला.

लिडिया फ्रेझर या सुशिक्षित तरुणीशी त्यांचे प्रेम जुळले. पाथरवट जावई म्हणून तिच्या आईला पसंत नव्हता. १८३४ मध्ये बँकेत हिशेबनिसाची नोकरी मिळाली आणि १८३७ मध्ये विवाह पार पडला. दोघांचा संसार वडिलांनी बांधलेल्या घरात सुरू झाला. परंतु १८३९ मध्ये त्यांची पहिली मुलगी एलिझा दीड वर्षाचीही होण्याआधी दगावली. मिलर यांनी बाजूला ठेवलेली छिन्नी पुन्हा हाती घेतली आणि तिच्या थडग्याची शिळा स्वतः घडवली. ही त्यांनी कोरलेली शेवटची शिळा ठरली. ती आजही सेंट रेग्युलसमध्ये आहे.

त्या काळी स्कॉटलंडमध्ये चर्चचा धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार बहुधा जमीनदाराकडे असे. क्रोमार्टीच्या चर्चमध्येही जमीनदार घराण्यासाठी स्वतंत्र सज्जा होता. उपदेशक निवडण्याचा हक्क उपासकांचाच, अशी भूमिका मिलर यांनी १८३९ मध्ये एका खुल्या पत्रातून मांडली. या पत्रामुळे १८४० मध्ये एडिंबरोच्या ‘द विटनेस’ या वृत्तपत्राचे संपादकपद त्यांच्याकडे चालून आले. १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक उपदेशकांनी वेतन आणि निवासस्थानावर पाणी सोडून ‘फ्री चर्च’ स्थापन केले. त्यामागे मिलर यांच्या लेखणीचा मोठा वाटा होता. या फुटीचे पडसाद मुंबईतही उमटले. ज्यांच्या नावाने विल्सन महाविद्यालय ओळखले जाते, त्या डॉ. जॉन विल्सन यांनीही फ्री चर्चचीच बाजू घेतली.

याच वृत्तपत्रात मिलर यांनी भूगर्भशास्त्रावर लेखमाला लिहिली. १८४१ मध्ये ती ‘द ओल्ड रेड सँडस्टोन’ या नावाने पुस्तकरूपात आली आणि सामान्य वाचकांत लोकप्रिय ठरली. क्रोमार्टीच्या किनाऱ्यावर त्यांना सापडलेल्या कवचधारी माशाच्या एका जातीला लुई अगासी या स्विस शास्त्रज्ञाने मिलर यांचेच नाव दिले. पृथ्वीचे वय अतिप्राचीन आहे, हे मिलर यांना मान्य होते. मात्र एका जीवातून दुसरा जीव विकसित झाला, हे त्यांनी ठामपणे नाकारले. हा वाद डार्विनच्या ग्रंथाने नव्या वळणावर नेला, तो त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

अखेरच्या काळात अतिश्रम, जुने आजारपण आणि मानसिक अस्वस्थता यांनी त्यांना ग्रासले होते. धर्म आणि विज्ञान यांचा मेळ घालणाऱ्या ग्रंथाचे काम संपत आलेले असतानाच, डिसेंबर १८५६ मध्ये, पोर्टोबेलो येथील घरी त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. एडिंबरोच्या ग्रेंज दफनभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांचे अप्रकाशित लेखन लिडिया यांनी पुढे जिद्दीने प्रकाशात आणले.

मिलर यांनी जमवलेले हजारो जीवाश्म स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. क्रोमार्टीतील त्यांचे जन्मघर आणि शेजारचे घर ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’ने जपले आहे. ईस्ट चर्चही जीर्णोद्धारानंतर २०११ मध्ये पुन्हा खुले झाले. गावात १८५९ मध्ये उभारलेल्या उंच स्तंभावर मिलर यांचा पुतळा आहे. पण त्यांची खरी ओळख पटते ती दफनभूमीतील एलिझाच्या साध्या शिळेपाशी. कोट्यवधी वर्षांचा काळ मोजणाऱ्या या माणसाने आपले सर्वांत मोठे दुःख तिथे मोजक्या अक्षरांत कोरून ठेवले आहे.