बेंजामिन फ्रँकलिन : एका काटकसरी गृहस्थाचे चरित्र

शाळेत चक्रवाढ व्याजाची उदाहरणे शिकवीत असता एका विद्यार्थ्याने मला विचारले होते की, शंभर वर्षे मुद्दलाला हात न लावणारा मनुष्य खरोखर कोणी असतो काय? पुस्तकातील उदाहरणात मुदत वाटेल तेवढी घालता येते. संसारात मात्र लग्नकार्य, आजारपण आणि घरदुरुस्ती मुद्दलाला स्वस्थ बसू देत नाहीत. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढे बेंजामिन फ्रँकलिन या थोर अमेरिकन पुरुषाचे चरित्र वाचनात आले आणि त्यात ते सापडले. तेच आज आपल्या ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे झाला. वडिलांचा धंदा मेणबत्त्या व साबण करण्याचा. अपत्ये एकंदर सतरा. अशा घरात शिक्षणाला किती पैसा उरणार? दोन वर्षेही पुरती झाली नाहीत तोच शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी मुलगा थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून राहिला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याने मांसाहार सोडला. आपल्या जेवणासाठी भाऊ खाणावळीला जे देतो त्याचे निम्मे आपल्या हाती द्यावे, आपण आपले जेवण पाहू, असे त्याने भावाला सुचविले. भावाचा निम्मा खर्च वाचला. आणि हाती आलेल्या निम्म्यातूनही निम्मे वाचवून या मुलाने पुस्तके घेतली. बचत म्हणजे पोटाला चिमटा घेणे नव्हे, तर एका इच्छेपेक्षा दुसऱ्या अधिक मोलाच्या इच्छेला आधी मान देणे होय, हे तो त्या वयातच शिकला.

तथापि तो जन्मतःच शहाणा होता असे समजू नये. १७२३ साली भावाशी न पटल्यामुळे तो फिलाडेल्फियास पळून गेला. पुढे एका ओळखीच्या गृहस्थाने आपले सुमारे पस्तीस पौंडांचे येणे वसूल करण्याचे काम विश्वासाने त्याजवर सोपविले. फ्रँकलिनने ते पैसे वसूल केले खरे, परंतु एका व्यसनी मित्राची नड भागविता भागविता त्यांना हात लावला. मालक केव्हा मागेल या धास्तीत त्याची कित्येक वर्षे गेली. अखेरीस ती रक्कम त्याने व्याजासह फेडली; पण ही आपल्या आयुष्यातील एक मोठी चूक होय असे त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने नमूद केले आहे. परक्याचा पैसा आपल्या पेटीत असला म्हणून तो आपला होत नाही, हा धडा त्याला असा महाग पडला.

१७२८ साली त्याने भागीदारीत छापखाना काढला. भागीदाराच्या वडिलांनी कबूल केलेली रक्कम पुरती दिली नाही आणि सावकाराने फिर्याद लावली. त्या प्रसंगी कोलमन व ग्रेस हे दोन मित्र, एकमेकांस न कळविता, आपण होऊन पैसे घेऊन आले. फ्रँकलिनने दोघांकडून निम्मी निम्मी रक्कम घेतली व १७३० मध्ये छापखाना एकट्याचा केला. कर्ज फिटेपर्यंत त्याची राहणी अगदी साधी होती. छापखान्याचा कागद तो स्वतः हातगाडीवर घालून रस्त्याने ओढीत आणी. दुकानदारांनी ते पाहिले आणि त्याची पत वाढत गेली.

त्याच वर्षी डेबोरा रीड हिच्याशी त्याचा संसार सुरू झाला. ती छापील पत्रके दुमडी, शिवी, दुकान सांभाळी आणि कागदासाठी जुन्या चिंध्या खरेदी करी. न्याहारीला दूध-भाकर, तीही मातीच्या वाडग्यात आणि कथलाच्या चमच्याने. एके दिवशी मात्र पतीपुढे चिनी मातीचा वाडगा आणि चांदीचा चमचा आला. शेजाऱ्यांच्या घरी असतो तसा आपल्याही पतीला असावा, एवढेच तिचे कारण. किंमत तेवीस शिलिंग! पुढील वर्षांत त्या घरातील चांदी व चिनी मातीची भांडी शेकडो पौंडांची झाली. चैन घरात कोणत्या दाराने शिरते, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

पैसा साठला तसा फ्रँकलिनने तो पेटीत कोंडून ठेविला नाही. विश्वासू कारागिरांना निरनिराळ्या गावी छापखाने काढून देऊन तो नफ्याचा ठरलेला वाटा घेई. त्यांपैकी चार्ल्सटन येथील भागीदार हिशेबात कच्चा होता. तो वारल्यावर त्याच्या विधवेने कारभार हाती घेतला, दर तिमाहीस चोख हिशेब पाठविला, मुले वाढविली आणि मुदत संपताच छापखाना विकत घेऊन मुलाला दिला. मुलींना हिशेब ठेवण्याचे शिक्षण अवश्य द्यावे, असे फ्रँकलिनने या अनुभवावरून आग्रहाने लिहिले. आपल्या भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. १७४८ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने छापखान्याचा कारभार भागीदारावर सोपविला. पुढे अठरा वर्षे नफ्याचा वाटा मिळत राहिला आणि त्याला विजेवरील शास्त्रीय प्रयोगांस व लोकसेवेस सवड लाभली.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. १७ एप्रिल १७९० रोजी फ्रँकलिन वारला. मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने बोस्टन व फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेविले होते. आपल्याला दोन मित्रांनी उभे केले, तसे इतरांना कोणीतरी उभे करावे, ही त्यामागील भावना. पंचवीस वर्षांच्या आतील विवाहित कारागिरांना दोन जामीन घेऊन पाच टक्के व्याजाने कर्ज द्यावे, मुद्दलाचा दहावा हिस्सा दरसाल परत घ्यावा आणि आलेला पैसा पुन्हा दुसऱ्यास द्यावा, अशी योजना होती. पाच टक्क्यांनी पैसा सुमारे चौदा वर्षांत दुप्पट होतो. त्या हिशेबाने शंभर वर्षांत एक हजाराचे एक लाख एकतीस हजार पौंड व्हावेत, असे त्याने गणित मांडले होते.

शंभर वर्षांनी पाहिले तो बोस्टनचा निधी सुमारे ३ लाख ९० हजार डॉलर झाला होता, तर फिलाडेल्फियाचा सुमारे ९० हजार. दोन्ही गणितापेक्षा कमीच. पण बियाणे एकच असता पिकात एवढा फरक का पडला? फिलाडेल्फियात हप्ते थकले आणि वसुलीत हयगय झाली. बोस्टनच्या कारभाऱ्यांनी शिल्लक रक्कम निजू दिली नाही. ती एका भरवशाच्या विमा कंपनीत व्याजाने ठेविली. बोस्टनच्या पैशातून उभारलेली तंत्रशिक्षणाची शाळा १९०८ साली उघडली. दोनशे वर्षे भरली तेव्हा, १९९० च्या सुमारास, बोस्टनचा निधी ४५ लाख डॉलरच्या घरात होता. फिलाडेल्फियाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी.

थेंबे थेंबे तळे साचे हे आपण जाणतोच. परंतु तळ्याचा बांध फुटका असेल तर थेंबांनी काय करावे? मी स्वतः एका आप्तास जामीन राहून त्याचे हप्ते भरले आहेत, म्हणून हे कळवळून लिहितो. घरखर्चाआधी बचत बाजूला काढावी, अडीअडचणीची रक्कम निराळी ठेवावी, महागाईच्या वेगापुढे टिकेल असे व्याज कोठे मिळते ते पाहावे आणि अवाच्या सवा लाभाच्या आमिषास भुलू नये, हा झाला घरचा धर्म. आणि ज्ञातीच्या शिक्षणनिधीतून कर्ज घेऊन आपला मुलगा किंवा मुलगी शिकली असेल, तर ते वेळेवर परत करणे हा संघाचा धर्म होय. थकलेल्या प्रत्येक हप्त्यामागे आपल्याच ज्ञातीतील एक हुशार मूल दाराशी उभे असते. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, एवढेच.