टीकाकाराने दिलेली परीक्षा

पनवेल शहरास आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह लाभले आहे. परंतु नट, गायक आणि प्रेक्षक एकत्र आले म्हणजे सर्व काही साधले, हा समज आम्हांस मान्य नाही. कलेचे गुणदोष निर्भीडपणे सांगणारा जाणकार नसेल, तर टाळ्यांनाच निवाड्याचे मोल येते. अशा जाणकाराची योग्यता कोणती, हे पाहावयाचे तर कै. केशवराव भोळे यांच्या चरित्राकडे वळावे.

केशवरावांचा जन्म १८९६ सालचा, विदर्भातला. वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि गाण्याच्या ओढीने वैद्यकास अंतरले. पुढे ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी समकालीन गवयांवर लेख लिहिले. ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे पुस्तक १९३३ साली निघाले. घराण्यांच्या अभिमानाचा आणि बुवा-खाँसाहेबांच्या दराऱ्याचा तो काळ. त्या काळी गायनाची जाहीर चिकित्सा करणे हे धाडसच होते.

दुसऱ्याचे दोष दाखविणाऱ्यास, तुम्ही काय करून दाखविता, असा प्रश्न होतोच. केशवरावांनी तो टाळला नाही. त्याच वर्षी ‘नाट्यमन्वंतर’ने रंगभूमीवर आणलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकास त्यांनी संगीत दिले. पदांच्या भाराखाली कथानक दडपून टाकण्याची जुनी चाल तेथे सुटली. मोजकी, प्रसंगास धरून असलेली गाणी आली, आणि ती त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई यांच्या कंठातून रसिकांपर्यंत पोहोचली. पुढे ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) शांताराम आठवले यांच्या रचनेला त्यांनी अशी चाल दिली की, तो तुकोबांचाच अभंग असे अनेकांनी मानले. ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात तर वेगळे पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातील स्वाभाविक ध्वनींवरच भिस्त ठेवण्यात आली. जेथे संगीत नको तेथे संगीतकाराने गप्प राहावे, हा संयम टीकाकाराच्या कानाचाच होता.

प्रत्येक टीकाकाराने चाली बांधाव्यात असे आमचे म्हणणे नाही. मात्र ज्या तराजूत इतरांस तोलावयाचे, त्यातच आपणही बसण्याची तयारी हवी. ती असलेला एखादा श्रोता पनवेलच्या नाट्यगृहातून घरी जाऊन लेखणी उचलील, तर ते नाट्यगृह खऱ्या अर्थाने नांदू लागेल.