युद्ध जिंकलं आणि सात महिन्यांत सैन्यच मोडीत काढलं, कोस्टा रिकाच्या डॉन पेपेची गोष्ट

१ डिसेंबर १९४८. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशाची राजधानी सान होसे. तिथल्या बेयाविस्ता नावाच्या लष्करी छावणीत एक समारंभ होता. छावणी कसली, टेकाडावरचा छोटा किल्लाच. पाहुण्यांच्या समोर ४२ वर्षांचा एक बुटका माणूस पुढे आला, त्याने हातात घण घेतला आणि बुरुजाच्या भिंतीवर घाव घातला.

त्या घावाचा अर्थ सरळ होता. आजपासून या देशाला सैन्य नाही.

आता गंमत बघा. हा माणूस कुणी अहिंसावादी संत नव्हता. सात महिन्यांपूर्वीच तो स्वतःची फौज उभी करून, यादवी युद्ध जिंकून सत्तेवर आला होता. त्याचं नाव होसे फिगेरेस फेरेर. लोक त्यांना डॉन पेपे म्हणायचे. पेपे हे होसेचं लाडाचं रूप आणि डॉन म्हणजे आपल्याकडचं राव.

कोस्टा रिका म्हणजे जेमतेम ५१ हजार चौरस किलोमीटरचा देश. महाराष्ट्राचा साधारण सहावा हिस्सा. तेव्हाची लोकसंख्या ८ लाखांच्या आसपास. उत्तरेला निकाराग्वा आणि तिथे सोमोसा नावाचा हुकूमशहा, ज्याच्या हाताखाली अमेरिकेने घडवलेलं नॅशनल गार्ड. अशा शेजारात राहून सैन्य बंद करायचं, हे धाडस होतं, वेडेपणा होता की पक्का हिशोब? उत्तर शोधायचं तर फिगेरेस यांची गोष्ट पहिल्यापासून बघावी लागते.

डॉक्टरचा मुलगा, घायपातीचा शेतकरी

फिगेरेस यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०६ चा, सान रामोन गावातला. आईवडील स्पेनच्या कातालोनियातून आलेले. वडील डॉक्टर. १९२४ साली फिगेरेस शिकायला अमेरिकेत गेले. बोस्टनला इंजिनिअरिंग करायचं होतं, पण डिग्री काही झाली नाही. वर्गापेक्षा तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांचा जास्त वेळ गेला.

१९२८ मध्ये ते परतले आणि डोंगराळ भागात जमीन घेतली. शेताचं नाव ठेवलं ला लुचा सिन फिन, म्हणजे न संपणारा लढा. तिथे ते घायपातीच्या जातीचं पीक घ्यायचे आणि त्याच्या वाखापासून दोर आणि कॉफीची पोती बनवायचे. मजुरांसाठी घरं आणि इतर सोयी केल्या होत्या. स्वतःला ते शेतकरी आणि समाजवादी असं दोन्ही म्हणवून घ्यायचे. ३५ वर्षांचे होईपर्यंत राजकारणात त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

रेडिओवर बोलता बोलता अटक

जुलै १९४२. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि कोस्टा रिका अमेरिकेच्या बाजूने त्यात उतरला होता. २ जुलैला जर्मन पाणबुडीने लिमोन बंदरात उभं असलेलं सान पाब्लो हे जहाज बुडवलं. त्यात बंदरावरचे कामगार मेले. दोन दिवसांनी सान होसेमध्ये दंगल उसळली. जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश लोकांची दुकानं लुटली गेली आणि पोलिसांनी ती थांबवली नाहीत.

८ जुलैला फिगेरेस यांनी रेडिओवर वेळ विकत घेतला आणि सरकारवर तुटून पडले. बंदर राखता येत नाही आणि राजधानीही सांभाळता येत नाही, असा त्यांचा रोख होता. भाषण संपायच्या आत पोलीस स्टुडिओत शिरले आणि त्यांना अटक झाली. मग थेट देशाबाहेर हकालपट्टी. दोन वर्षं त्यांनी मेक्सिकोत काढली.

ज्यांनी त्यांना हाकललं ते राष्ट्राध्यक्ष राफाएल काल्देरोन हे साधं प्रकरण नव्हतं. सामाजिक विमा, कामगार कायदा, विद्यापीठ अशा मोठ्या सुधारणा त्यांच्याच काळातल्या. कॅथलिक चर्च आणि कम्युनिस्ट, दोघांनाही त्यांनी सोबत घेतलं होतं. पण निवडणुकीत गैरप्रकार केल्याचे आरोपही त्यांच्यावर होत होते. फिगेरेस यांनी मेक्सिकोत बसून ठरवून टाकलं, की हे सरकार मतपेटीतून जाणार नाही.

डिसेंबर १९४७ मध्ये ग्वाटेमालात त्यांनी इतर देशांच्या बंडखोरांबरोबर करार केला. आधी कोस्टा रिका जिंकायचं, मग तिथून निकाराग्वाच्या सोमोसाला आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या त्रुहियोला पाडायचं, असा बेत होता. ग्वाटेमालाचे राष्ट्राध्यक्ष आरेवालो यांनी शस्त्रांची सोय केली. या बंडखोरांना पुढे कॅरिबियन लिजन म्हटलं गेलं.

४४ दिवसांचं युद्ध

८ फेब्रुवारी १९४८ ला निवडणूक झाली. विरोधी उमेदवार ओतिलिओ उलाते जिंकले. पण १ मार्चला काल्देरोन समर्थकांचं बहुमत असलेल्या संसदेने निकालच रद्द केला.

फिगेरेस याच क्षणाची वाट बघत होते. १२ मार्चला त्यांच्या माणसांनी सान इसिद्रोची धावपट्टी ताब्यात घेतली, तिथली विमानं पळवली आणि ग्वाटेमालातून शस्त्रं आणली. सरकारी सैन्य जेमतेम काहीशे जणांचं होतं. सरकारच्या बाजूने खरे लढले ते केळीच्या मळ्यांतले कम्युनिस्ट मजूर. एप्रिलमध्ये फिगेरेस यांच्या फौजेने एका पाठोपाठ लिमोन आणि कार्तागो ही शहरं घेतली. १९ एप्रिलला मेक्सिकोच्या दूतावासात समझोता झाला आणि २४ एप्रिलला फौज राजधानीत आली.

एवढ्याशा देशात सुमारे २ हजार माणसं मेली, असं सांगितलं जातं.

खरं तर सत्ता उलाते यांना मिळायला हवी होती. पण फिगेरेस यांनी त्यांच्याशी करार केला, की आधी १८ महिने आपण राज्य करू आणि मग खुर्ची तुम्हाला देऊ. ८ मे ला त्यांची हुंता, म्हणजे क्रांतिकारी सरकार, सत्तेवर आलं. त्यांनी बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, श्रीमंतांच्या भांडवलावर १० टक्के कर बसवला आणि काल्देरोन यांच्या सामाजिक सुधारणांना हात लावला नाही. कम्युनिस्ट पक्षावर मात्र बंदी घातली.

मग सैन्य का मोडलं?

याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. पण फिगेरेस तेव्हा कुठे उभे होते ते बघितलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

पहिली गोष्ट म्हणजे जुनं सैन्य हरलेल्या सरकारचं होतं. त्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. दुसरी गोष्ट, फिगेरेस यांची स्वतःची फौज. ती कायम ठेवली असती, तर उद्या तिच्यातलाच एखादा अधिकारी त्यांना उलथवू शकला असता. लॅटिन अमेरिकेत हेच सतत चाललं होतं. तिसरी गोष्ट उलाते यांच्या गोटातली. हा माणूस फौज राखून आहे म्हणजे खुर्ची सोडणार नाही, असा संशय तिथे होता. सैन्य मोडलं की तो संशयही मिटणार होता.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कोस्टा रिकाने कितीही सैन्य ठेवलं असतं, तरी सोमोसाशी बरोबरी करणं अवघड होतं. एवढंसं सैन्य शेजाऱ्याला रोखायला पुरेसं नव्हतं, स्वतःचं सरकार पाडायला मात्र भरपूर होतं.

मग बाहेरच्या शत्रूचं काय? त्यासाठी रिओ करार होता. १९४७ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांनी ठरवलं होतं, की एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. हा करार अमलात आला ३ डिसेंबर १९४८ ला. म्हणजे भिंतीवर घण बसला त्याच्या दोनच दिवसांनी.

दहा दिवसांत परीक्षा

पुढच्या आठवड्यात काल्देरोन यांचे समर्थक निकाराग्वातून सरहद्द ओलांडून आत घुसले. फिगेरेस यांनी रिओ कराराचा आधार घेऊन अमेरिकन राष्ट्रसंघटनेकडे धाव घेतली. संघटनेने चौकशी समिती पाठवली. समितीने निकाराग्वाला दोष दिला, पण कॅरिबियन लिजनला थारा दिल्याबद्दल कोस्टा रिकालाही सुनावलं. फेब्रुवारी १९४९ मध्ये दोन्ही देशांत मैत्रीचा करार झाला.

इथे फिगेरेस यांना किंमत मोजावी लागली. ज्या बंडखोरांच्या शस्त्रांवर ते जिंकले होते, त्यांना दिलेला शब्द बाजूला पडला. ज्या कराराच्या आड आपण लपतो, तो आपले हातही बांधतो, हे त्यांना कळून चुकलं.

याच दिवसांतला एक काळा डागही सांगायला हवा. १९ डिसेंबर १९४८ ला लिमोनच्या तुरुंगातल्या सहा राजकीय कैद्यांना रेल्वेने नेण्यात आलं आणि कोदो देल दियाब्लो नावाच्या जागी गोळ्या घालून मारण्यात आलं. सैन्य बरखास्त होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

दुसरी परीक्षा घरातूनच आली. एदगार कार्दोना हे फिगेरेस यांचे सुरक्षामंत्री. सैन्य बंद करायची कल्पना मांडण्याचं श्रेय बऱ्याचदा त्यांनाच दिलं जातं. २ एप्रिल १९४९ ला याच कार्दोनांनी बंड केलं आणि बेयाविस्ताचा ताबा घेतला. बँकांचं राष्ट्रीयीकरण मागे घ्या, अर्थमंत्र्यांना काढा, अशा मागण्या होत्या. बंड लवकरच मोडलं. पण सैन्य असतं तर काय झालं असतं, याची चुणूक सगळ्यांना मिळाली.

नोव्हेंबर १९४९ च्या नव्या राज्यघटनेच्या १२ व्या कलमाने कायमस्वरूपी सैन्यावर बंदी घातली. कायदा आणि सुव्यवस्थेसाठी पोलीस राहतील. देशाच्या संरक्षणासाठी किंवा खंडातल्या करारानुसार गरज पडली तरच सैन्य उभारता येईल आणि तेही नागरी सत्तेच्या हाताखाली. त्याच घटनेने स्वतंत्र निवडणूक न्यायाधिकरण बळकट केलं आणि निवडणुकीच्या काळात पोलीस त्याच्या आदेशाखाली दिले. स्त्रियांनाही मताचा हक्क मिळाला. ज्या निवडणुकीवरून युद्ध पेटलं होतं, तिची मुळातून दुरुस्ती झाली.

आणि ८ नोव्हेंबर १९४९ ला फिगेरेस यांनी ठरल्याप्रमाणे सत्ता उलाते यांच्याकडे सोपवली.

एक डॉलरला एक विमान

१९५३ मध्ये फिगेरेस सुमारे ६५ टक्के मतं घेऊन निवडून आले. सोमोसाशी वैर होतंच. १९५४ मध्ये सोमोसाला मारण्याचा कट फसला आणि त्याने बोट दाखवलं फिगेरेस यांच्याकडे. जानेवारी १९५५ मध्ये पुन्हा निकाराग्वातून हल्ला झाला. हल्लेखोरांनी सरहद्दीकडचं एक गाव घेतलं आणि या वेळी त्यांच्याकडे विमानंही होती. कोस्टा रिकाकडे उत्तर द्यायला होते पोलीस आणि हातात मिळेल ती बंदूक घेऊन निघालेले स्वयंसेवक.

फिगेरेस यांनी पुन्हा राष्ट्रसंघटनेचं दार ठोठावलं. अमेरिकेने कोस्टा रिकाला चार मस्टँग लढाऊ विमानं विकली. किंमत प्रत्येकी एक डॉलर. थोड्याच दिवसांत हल्ला थंडावला. चिडलेल्या सोमोसाने फिगेरेस यांना समोरासमोर द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं. ते काही झालं नाही.

पण या मदतीची दुसरी बाजू बघा. जेमतेम सहा महिने आधी, १९५४ मध्ये, याच अमेरिकेने ग्वाटेमालातलं लोकांनी निवडलेलं सरकार सीआयएच्या हातून पाडलं होतं. तिथे युनायटेड फ्रूट या केळी कंपनीच्या जमिनींना हात लागला होता. फिगेरेस यांनीही त्याच कंपनीकडून नफ्यातला जास्त वाटा वसूल केला, पण वाटाघाटीने. शिवाय ते पक्के कम्युनिस्टविरोधी होते. म्हणून एकाच्या वाट्याला बंड आलं आणि दुसऱ्याच्या वाट्याला विमानं. सैन्याशिवायची सुरक्षा फुकट नव्हती. वॉशिंग्टनची मर्जी राखणं हा तिचा हप्ता होता. पुढे फिगेरेस यांनी सीआयएशी असलेले संबंध स्वतःच कबूल केले.

१९५८ मध्ये त्यांचा पक्ष हरला आणि त्यांनी सत्ता विरोधकांच्या हाती दिली. १९७० मध्ये ते पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. १९७१ मध्ये निकाराग्वाच्या सांदिनिस्ता बंडखोरांनी पळवलेलं विमान सान होसेला उतरलं, तेव्हा पासष्टीचे डॉन पेपे स्वतः मशीनगन घेऊन विमानतळावर हजर झाले. याच कारकिर्दीत अमेरिकेतून पळालेला घोटाळेबाज रॉबर्ट वेस्को याला आसरा दिल्याने त्यांच्या नावाला बट्टाही लागला. ८ जून १९९० ला त्यांचं निधन झालं. मुलगा होसे मारिया १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. मुलगी क्रिस्तियाना २०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान विभागाची प्रमुख होती.

हिशोब बरोबर निघाला का?

सैन्याचा पैसा शाळा आणि दवाखान्यांकडे गेला, असं नेहमी सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण सगळं श्रेय त्या एका घावाला देता येत नाही. कोस्टा रिकात प्राथमिक शिक्षण १८६९ पासून मोफत आणि सक्तीचं होतं आणि सामाजिक विमा काल्देरोन यांनी आणला होता. फिगेरेस यांचं यश वेगळं आहे. शेजारचे निकाराग्वा, एल साल्वादोर आणि ग्वाटेमाला पुढची कित्येक वर्षं लष्करी राजवटी आणि यादवीत होरपळले. कोस्टा रिकात १९४९ नंतर एकदाही बंदुकीने सरकार बदललेलं नाही.

प्रश्न संपलेत असंही नाही. अमली पदार्थांच्या टोळ्यांमुळे २०२३ मध्ये तिथे खुनांचा आकडा तोवरच्या सगळ्यात वरच्या पातळीला गेला. पण सरहद्दीचं म्हणाल, तर २०१० मध्ये निकाराग्वाचे सैनिक सान हुआन नदीच्या मुखाजवळच्या पाणथळ जमिनीत शिरले, तेव्हा कोस्टा रिकाने पोलीस पाठवले आणि खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. पाच वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, न्यायालयाने ती जमीन कोस्टा रिकाची असल्याचा निकाल दिला.

बेयाविस्ताच्या छावणीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. बुरुजांवरच्या गोळ्यांच्या खुणा मात्र तशाच ठेवल्या आहेत.