डॉक्टर फ्रिद्‌त्योफ नान्सेन

गांवांत दोन तट पडले म्हणजे एका तटाचा मनुष्य दुसऱ्याच्या ओसरीवर पाऊल ठेवीत नाहीं. अशा वेळीं कोणाच्याहि तटांत नसलेल्या मनुष्याची किंमत कळते. राष्ट्रांचेंहि तसेंच आहे. नार्वे देशाचे डॉक्टर नान्सेन ह्यांचें चरित्र ह्याची साक्ष देतें.

त्यांचा जन्म ता. १० आक्टोबर १८६१ रोजीं झाला. तरुणपणीं ग्रीनलंडचा बर्फाळ प्रदेश ओलांडून व उत्तर ध्रुवाकडे सफर करून त्यांनीं कीर्ति मिळविली. १९०५ सालीं नार्वे स्वीडनपासून विभक्त झाला. त्याची लोकसंख्या अवघी २३ लाखांच्या सुमारास होती. ह्या लहान राष्ट्राचे लंडन येथील पहिले वकील नान्सेन झाले.

१९१४ च्या महायुद्धांत नार्वे तटस्थ राहिला. परंतु तटस्थपणा फुकट मिळत नाहीं. पाणबुड्यांनीं व सुरुंगांनीं त्याचीं पुष्कळ जहाजें बुडविलीं, आणि सुमारें २,००० खलाशी प्राणांस मुकले. १९१७ त अमेरिकेनें धान्य अडविलें. तेव्हां नान्सेन वाशिंगटनास गेले व कित्येक महिने वाटाघाट करून एप्रिल १९१८ त त्यांनीं धान्याचा करार केला.

१९२० सालीं नार्वे राष्ट्रसंघांत सामील झाला. त्याच वर्षीं युद्धकैद्यांस स्वदेशीं पोंचविण्याचें काम संघानें नान्सेन ह्यांजवर सोंपविलें. रशियाचें सोविएत सरकार संघाशीं बोलावयास तयार नव्हतें, पण नान्सेन ह्यांच्याशीं बोलण्यास कबूल झालें. १९२२ पर्यंत सुमारें ४,२७,००० कैदी घरीं पोंचले.

१९२१ त रशियांत घोर दुष्काळ पडला. नान्सेन ह्यांनीं संघापुढें मदतीची याचना केली. परंतु अन्न दिल्यास बोल्शेविकांचें बळ वाढेल, ह्या भीतीनें सरकारांनीं ती नाकारिली. लक्षावधि माणसें मेलीं. तरी नान्सेन थांबले नाहींत. त्यांनीं देशोदेशीं फिरून लोकांकडून वर्गणी जमविली व पुष्कळांचे प्राण वांचविले. ज्यांस कोणताच देश उरला नव्हता अशा निर्वासितांसाठीं १९२२ त त्यांनीं प्रवासाचा दाखला सुरू करविला. तो नान्सेन पासपोर्ट ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीं मिळालेलें नोबेल शांतता पारितोषिकहि त्यांनीं संकटग्रस्तांच्या कामीं लाविलें. ता. १३ मे १९३० रोजीं ते निवर्तले.

वाचकहो, भांडणांत ज्यानें कोणाची बाजू घेतली नाहीं, त्यानें दार लावून घरीं बसूं नये. दोन्ही ओसऱ्यांवर त्याला जागा असते. तेथें जाणें हें त्याचेंच काम आहे.