शेअर बाजारात मीठ विकणाऱ्या कमलादेवींनी कारागिरांना हक्काचा बाजार मिळवून दिला

इन्स्टाग्राम उघडलं की चार रील खाली जाईपर्यंत एक तरी कलमकारी साडी समोर येते. खाली लिहिलेलं असतं, हातानं रंगवलेली, नैसर्गिक रंग, सस्टेनेबल फॅशन. कुणी भाव विचारतं, कुणी ऑर्डर देतं, कुणी नुसतंच सेव्ह करून ठेवतं.

पण स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हीच कला शेवटच्या घटका मोजत होती. आंध्रातल्या श्रीकालहस्तीमध्ये हातात कलम धरणारे कारागीर बोटावर मोजण्याइतके उरले होते. ती कला जगली, कारण काही माणसांनी ती जगवायचं ठरवलं. त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे कमलादेवी चट्टोपाध्याय.

३ एप्रिल १९०३ ला मंगळूरच्या एका सारस्वत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते. कमलादेवी सात वर्षांच्या असताना ते गेले आणि जाताना मृत्युपत्र केलेलं नव्हतं. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे इस्टेट सावत्र भावाकडे गेली. आईच्या वाट्याला फक्त पोटगी येणार होती, ती तिने नाकारली.

हातात स्वतःचा पैसा नसला की माणसाची काय अवस्था होते, हे कमलादेवींनी असं घरातच पाहिलं.

चौदाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा वारला. त्या काळात विधवा मुलीचं आयुष्य तिथंच संपायचं. कमलादेवी मात्र मद्रासला कॉलेजात गेल्या. तिथं त्यांची ओळख सरोजिनी नायडूंचे धाकटे भाऊ हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी झाली. हो, 'बावर्ची' सिनेमातले आजोबा तेच. समाजाची टीका झेलत दोघांनी लग्न केलं, पुढे ते वेगळेही झाले.

१९२६ साली त्या मद्रास प्रांताच्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत उभ्या राहिल्या आणि अगदी थोडक्या मतांनी हरल्या. बाईनं निवडणूक लढवणं हीच तेव्हा बातमी होती.

मग आलं १९३० साल. गांधीजींनी दांडीयात्रेत महिलांना घेतलं नव्हतं. कमलादेवींनी गांधीजींना गाठलं आणि मिठाच्या सत्याग्रहात बायकांनाही जागा द्या म्हणून त्यांचं मन वळवलं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईत मिठाचा कायदा मोडणाऱ्यांत अवंतिकाबाई गोखले होत्या आणि कमलादेवीही होत्या.

नुसतं मीठ तयार करून त्या थांबल्या नाहीत. पुड्या घेऊन थेट मुंबईच्या शेअर बाजारात शिरल्या आणि तिथं त्यांनी हे बेकायदा मीठ विकलं. याची शिक्षा म्हणून तुरुंगवास झाला.

हा प्रसंग लक्षात ठेवा. कारण एखादी वस्तू कुणी बनवली आणि तिचे पैसे कुणाच्या हातात पडले, हेसुद्धा राजकारण असतं, ही गोष्ट त्यांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवली.

फाळणी झाली तेव्हा दिल्लीत निर्वासितांचे लोंढे येत होते. कमलादेवींनी १९४८ मध्ये इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन सुरू केली. निर्वासितांना फुकट धान्य वाटत राहण्यापेक्षा त्यांची सहकारी संस्था उभी करायची आणि त्यांना कामाला लावायचं, अशी ही कल्पना होती. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी फरिदाबाद वसवण्यात आलं, त्यातही त्यांचा पुढाकार होता.

१९५२ मध्ये ऑल इंडिया हॅन्डिक्राफ्ट्स बोर्डाची स्थापना झाली आणि त्याची सूत्रं कमलादेवींकडे आली.

आता थोडं कलमकारीकडे येऊ, म्हणजे त्यांनी नेमकं काय वाचवलं ते कळेल.

श्रीकालहस्तीची कलमकारी म्हणजे कलमानं काढलेली. मछलीपट्टणमची ठशांनी छापलेली, ती वेगळी. आधी सुती कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात. दुधामुळे रंग फुटत नाही, म्हणजे आजूबाजूला पसरत नाही. बांबूच्या काडीला लोकर गुंडाळली की झालं कलम. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात बरेच दिवस मुरवायचं. ते पाणी हिरड्याच्या कापडावर लागलं की रेघ काळी उठते. तुरटीच्या पाण्यानं रंगवलेला भाग मुळांच्या रंगात उकळला की लाल होतो. निळ्यासाठी नीळ असते. प्रत्येक टप्प्यानंतर कापड स्वर्णमुखी नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचं आणि उन्हात वाळवायचं.

हे सगळं ज्ञान कारागिराच्या हातात असतं. मुलाला त्यातून दोन वेळचं जेवण मिळणार नसेल, तर बाप त्याला दुसऱ्या कामाला पाठवतो. असं झालं की एका पिढीत सगळा खेळ खल्लास.

म्हणून पन्नाशीच्या दशकात श्रीकालहस्तीत प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. उरलेल्या जाणत्या कारागिरांनी गुरू व्हायचं आणि नव्या पोरांना शिकवायचं. आज तिथं जी कलमकारी होते तिची मुळं या केंद्रात आहेत.

पण शिकलेल्या पोरांचा माल घेणार कोण? इथं कमलादेवींचा दुसरा डाव होता. दिल्लीतलं सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम त्यांच्या को-ऑपरेटिव्ह युनियननं चालवायला घेतलं. देशभरातल्या गावांतला माल राजधानीत एका छपराखाली विकायला आला.

हस्तकला कपाटात ठेवायची वस्तू नाही, ती रोज वापरायची वस्तू आहे, असं त्यांचं मत होतं. पण मानही तितकाच महत्त्वाचा. १९६५ पासून उत्कृष्ट कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागले. दिल्लीचं क्राफ्ट्स म्युझियम त्यांच्याच प्रयत्नांतून उभं राहिलं. १९६४ मध्ये वर्ल्ड क्राफ्ट्स काउन्सिल स्थापन झाली, त्यातही त्या होत्या. त्यांना १९६६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि १९८७ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

त्यांच्या वाटेवर एक अडचण होतीच. एम्पोरियममधला माल शहरातल्या खिशाला परवडणारा. गावातल्या गिऱ्हाइकाकडे तोवर गिरणीचं कापड पोचलं होतं. रोजच्या वापरातली कला हळूहळू दिवाणखान्यात जाऊन बसली. हा तिढा कमलादेवींनाही पुरता सुटला नाही आणि आजही तो सुटलेला नाही.

२९ ऑक्टोबर १९८८ ला मुंबईत कमलादेवींचं निधन झालं.

ऑगस्ट २०२० मध्ये सरकारनं ऑल इंडिया हॅन्डिक्राफ्ट्स बोर्ड बरखास्त केलं. सरकारी यंत्रणा सुटसुटीत करायची, हे कारण देण्यात आलं. हातमागाच्या बोर्डाचंही थोडे दिवस आधी तेच झालं होतं. २०१९-२० च्या हातमाग गणनेप्रमाणे देशात या धंद्यावर ३५ लाखांहून जास्त लोक काम करतात आणि त्यातल्या ७२ टक्के बायका आहेत.

सस्टेनेबल फॅशन म्हटलं की आपण कापूस, रंग आणि पाणी याबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवं. पण कमलादेवींचा हिशोब त्याच्याही आधी सुरू व्हायचा. कापड रंगवणाऱ्या हाताला पुरेसे पैसे मिळाले का, आणि त्याच्या पोरीला हे काम पुढं करावंसं वाटेल का, इथून.

म्हणून पुढच्या वेळी 'कलमकारी' दिसली की आधी विचारा, हे कलमानं काढलंय की मशीनवर छापलंय? कुठल्या गावात झालंय? कुणी केलंय? विकणाऱ्याकडे उत्तर असेल तर भाव थोडा जास्त वाटला तरी समजून घ्या. आणि उत्तर नसेल, तर ती साडी सेव्ह करून ठेवण्यापुरतीच ठीक आहे.