सभाधीट रमाबाई

इ. स. १८७३ च्या डिसेंबर महिन्यात अकरा वर्षांची एक मुलगी लग्न होऊन रानडे यांच्या घरी आली. तिला अक्षरओळखसुद्धा नव्हती. तिचे माहेर आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांचे. घराणे नावाजलेले होते. परंतु मुलींच्या हाती पुस्तक देण्याची रीत तेथे नव्हती. वाचावयास शिकलेल्या मुलीला वैधव्य येते, अशी समजूत त्या काळी पुष्कळ घरांतून होती, आणि आईबापांना तिचे भय वाटे. या मुलीचे माहेरचे नाव यमुना. सासरी ती रमा झाली. चारचौघांत मान वर करून बोलू नये, वडील माणसांपुढे आवाज काढू नये, एवढीच शिकवण घेऊन ती आली होती. ही मुलगी पुढे मोठमोठ्या सभांचे अध्यक्षस्थान भूषवील, असे त्या दिवशी कोणी म्हटले असते, तर ते थट्टेवारीच नेले गेले असते.

तिचे पती महादेव गोविंद रानडे हे त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. ते पुण्यास न्यायाधीश होते, आणि विद्वान व सुधारक म्हणून त्यांचे नाव झालेले होते. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी विधवेशी विवाह करावा, अशी त्यांच्या स्नेह्यांची अपेक्षा होती. वडिलांच्या इच्छेपुढे त्यांचे काही चालले नाही, आणि त्याबद्दल त्यांना लोकांचे बोल ऐकावे लागले. मात्र लग्न होताच त्यांनी एक गोष्ट विलंब न लावता केली. त्यांनी पत्नीला शिकवावयास आरंभ केला. प्रथम मुळाक्षरे, मग मराठी पुस्तके, आणि काही वर्षांनी इंग्रजी, असा हा अभ्यास चालला. घर मोठे होते. दिवसा घरकाम आणि रात्री पाटी, असा रमाबाईंचा क्रम असे. रानडे यांची दृष्टी पुढे अधू झाली, तेव्हा त्यांना वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंकडे आले. स्पष्ट आणि मोठ्याने वाचण्याची त्यांची सवय बहुधा या वाचनातच पक्की झाली असावी.

१८७८ साली रानडे यांची बदली नाशिकला झाली. तेथील शाळेच्या एका समारंभास रमाबाईंना पाहुण्या म्हणून बोलावण्यात आले. तोपर्यंत त्या कधीही सभेत उभ्या राहिल्या नव्हत्या. रानडे यांनी त्यांना भाषण लिहून दिले, आणि रमाबाईंनी ते तेथे म्हणून दाखविले. शब्द पतीचे होते, हे खरे. परंतु उभे राहावयाचे होते रमाबाईंना, आणि समोरच्या माणसांच्या नजराही त्यांनाच सोसावयाच्या होत्या. वर्गात पहिल्यांदा उभे राहून बोलताना ज्याचे पाय लटपटले असतील, त्याला याची थोडीशी कल्पना येईल.

पुढे त्या पुन्हा पुण्यास आल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. पंडिता रमाबाई संस्कृत जाणणाऱ्या होत्या आणि भर सभेत निर्भयपणे बोलत. रमाबाई रानडे या समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. या सभा फार मोठ्या नसत. पण त्यांचे महत्त्व निराळे होते. पुरुषांनी भरलेल्या सभागृहात जिच्या तोंडून शब्द फुटला नसता, तिला येथे आपल्यासारख्याच दहापाच जणींसमोर तोंड उघडता येई. अडखळले तरी हसणारे कोणी नसे. लिहून दिलेले भाषण म्हणून दाखविणे आणि आपल्या मनातले आपल्या शब्दांत सांगणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर अशा लहान सभांतून हळूहळू तुटते.

रमाबाईंची खरी कसोटी याच सुमारास लागली. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे, अशी खटपट सुरू होती. मुंबईचे गव्हर्नर पुण्यास आले असता त्यांच्यासमोर भर सभेत ही मागणी मांडावयाची होती, आणि ते भाषण इंग्रजीत करण्याचे काम रमाबाईंकडे आले. गव्हर्नर, साहेबलोक आणि शहरातील प्रतिष्ठित मंडळी समोर बसलेली असताना, वयाची पंचविशीही न गाठलेली एक ब्राह्मण स्त्री उठली आणि परक्या भाषेत आपले म्हणणे मांडून खाली बसली. सभेत तिचे कौतुक झाले. १८८४ साली मुलींचे ते हायस्कूल निघालेही. हुजूरपागा या नावाने ते आजही पुण्यात प्रसिद्ध आहे.

परंतु त्या दिवशी रमाबाई घरी परतल्या तेव्हा तेथे कौतुक नव्हते. सुनेने शेकडो पुरुषांसमोर उभे राहून इंग्रजीत बोलावे, हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना आपल्या कुळाचा अपमान वाटला. त्यांनी रमाबाईंना पुष्कळ कडू शब्द ऐकविले. गव्हर्नरसमोर न अडखळलेल्या रमाबाई या वेळी एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांना उत्तर देता आले नसते असे नाही. परंतु या बायका वयाने मोठ्या होत्या, त्यांच्यासोबतच एका घरात दिवस काढावयाचे होते, आणि त्यांचा राग सबंध जुन्या रूढीतून आलेला होता, त्यात वैयक्तिक वैर नव्हते. रानडे यांनीही वडीलधाऱ्यांशी भांडण केले नाही. त्यांनी पत्नीला सोशिकपणाच सांगितला; मात्र शिकणे सोडावयास सांगितले नाही. असे प्रसंग एकदा येऊन थांबले नाहीत. घरातील अबोला आणि टोमणे रमाबाईंनी वर्षानुवर्षे सोसले. आज हे वाचताना कोणाला वाटेल की त्यांनी सडेतोड उत्तर द्यावयास हवे होते. तसे झाले असते तर कदाचित त्यांचे बाहेर जाणेच बंद झाले असते.

१८९३ साली रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. आता रमाबाई तिशीच्या झाल्या होत्या. येथे त्यांनी आर्य महिला समाजाचे काम चालविले. शिवाय स्त्रियांसाठी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब ही संस्था काढली. भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम, हस्तकला यांचे वर्ग तेथे चालत. पुण्यात जे आपल्याला मिळाले, ते आता त्या दुसऱ्यांना देत होत्या. एव्हाना मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत त्या कागदावाचून बोलू शकत. त्यांच्या भाषणात अलंकार फारसे नसत. घरात बोलावे तसे साधे बोलणे असे, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्या बायकांच्या मनाला भिडे.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे निधन पावले. रमाबाई पुण्यास परतल्या आणि वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळी विधवेने असेच कोपऱ्यात राहावे, अशी लोकांची अपेक्षा असे. रमाबाईंनी ती फार दिवस पुरी केली नाही. १९०४ च्या डिसेंबरात मुंबईस भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, आणि त्याच्या अध्यक्षा रमाबाई होत्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. त्यात गोपाळ कृष्ण देवधर यांचे साहाय्य मोठे होते. येथे विधवा आणि गरीब स्त्रिया शिकू लागल्या. काहींनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. चांगल्या घरातील स्त्रीने परक्या माणसांची शुश्रूषा करावी, ही गोष्ट तेव्हा लोकांच्या गळी उतरणे कठीण होते. तिच्यासाठी घरोघर जाऊन आईबापांची समजूत घालावी लागे. सभेतल्या भाषणापेक्षा हे बोलणे अधिक अवघड होते. १९१० साली रमाबाईंनी आपल्या संसाराच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत ते पुस्तक फार मोलाचे मानले जाते.

रमाबाई केवळ सभागृहातच बोलल्या असे नाही. तुरुंगातील बंदी स्त्रियांकडे त्या नियमाने जात आणि त्यांच्याजवळ बसून बोलत. सुधारगृहातील मुलांना सणासुदीला खाऊ घेऊन जात. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन यात्रेकरू स्त्रियांच्या मदतीस जात. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे, आणि मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मताचा हक्क मिळावा, या चळवळींत त्या उतारवयातही पुढे होत्या. १९२१ साली मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांना तो हक्क देण्याचे मान्य केले.

१९२४ साली रमाबाई निवर्तल्या. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. सेवासदनाच्या शाखा पुण्याबाहेरही निघाल्या. त्यांपैकी एक सोलापुरास आहे, आणि तिची मुलींची शाळा आजूबाजूच्या मुलखात सेवासदन याच नावाने ओळखली जाते.