टॉम लँड्री

थॉमस वेड लँड्री (जन्म : मिशन, टेक्सास, ११ सप्टेंबर १९२४, मृत्यू : डॅलस, टेक्सास, १२ फेब्रुवारी २०००) हे अमेरिकन फुटबॉलमधील खेळाडू आणि प्रशिक्षक होते. न्यू यॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघाचे बचाव प्रशिक्षक असताना त्यांनी ४-३ या बचावरचनेला पक्के रूप दिले. त्यानंतर १९६० ते १९८८ असे सलग २९ हंगाम ते डॅलस काउबॉईज संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. बचाव हा केवळ अंगबळाचा भाग न राहता अभ्यासाचा विषय झाला, त्याचे बरेचसे श्रेय लँड्री यांना दिले जाते.

== सुरुवातीचे जीवन ==
लँड्री यांचा जन्म मेक्सिकोच्या सीमेलगतच्या मिशन या छोट्या गावात झाला. त्यांचे वडील रे हे मोटारदुरुस्तीचा व्यवसाय करीत आणि गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातही काम करीत. शालेय संघाकडून फुटबॉल खेळल्यावर लँड्री यांनी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्रवेश घेतला. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांच्या शिक्षणात खंड पडला. त्यांचे थोरले बंधू रॉबर्ट बी-१७ जातीचे बॉम्बफेकी विमान इंग्लंडला नेत असताना मृत्युमुखी पडले. त्याच जातीच्या विमानाचे वैमानिक म्हणून टॉम यांनी युरोपात ३० मोहिमा पार पाडल्या. एका मोहिमेवरून परतताना इंधन संपल्याने त्यांचे विमान बेल्जियममध्ये कोसळले. मात्र विमानातील सर्वजण बचावले.

युद्धानंतर त्यांनी पदवी पूर्ण केली. १९४९ साली त्यांचा ॲलिशिया विग्ज यांच्याशी विवाह झाला. व्यावसायिक खेळाडू असतानाच १९५२ साली त्यांनी ह्यूस्टन विद्यापीठातून औद्योगिक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळवली. मोठ्या कामाचे लहान भाग पाडून प्रत्येक भागाची जबाबदारी ठरवून देण्याची ही शिस्त पुढे त्यांच्या प्रशिक्षणातही दिसून येते.

== खेळाडू ==
१९४९ चा हंगाम न्यू यॉर्क यँकीज या फुटबॉल संघाकडून खेळल्यावर लँड्री १९५० साली जायंट्समध्ये आले. ते मागच्या फळीतील बचावपटू होते. त्यांचा वेग बेताचा होता. ती उणीव भरून काढण्यासाठी ते प्रतिस्पर्ध्यांच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास करीत आणि चेंडू कोठे जाणार याचा अंदाज आधीच बांधत.

१९५० साली क्लीव्हलँड ब्राउन्स हा बलाढ्य संघ नॅशनल फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. त्यांची लांब फेकींवर आधारलेली चढाई रोखण्यासाठी जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी छत्रीच्या आकाराची बचावरचना योजली. ओवेन यांनी तिची रूपरेषा मांडली आणि प्रत्येकाने नेमके काय करायचे हे लँड्री यांनी सहकाऱ्यांना समजावून दिले, असे सांगितले जाते. तो सामना जायंट्सने ६-० असा जिंकला. ब्राउन्सला एकही गुण न मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

== बचाव प्रशिक्षक ==
१९५४ साली जिम ली हॉवेल जायंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी चढाईची जबाबदारी व्हिन्स लोम्बार्डी यांच्याकडे, तर बचावाची लँड्री यांच्याकडे सोपवली. पहिले दोन हंगाम लँड्री खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते. त्या काळी बचाव करणारे संघ पुढच्या ओळीत सामान्यतः ५ किंवा ६ धिप्पाड खेळाडू उभे करीत. ४-३ रचनेत पुढे ४ खेळाडू आणि त्यांच्यामागे ३ लाइनबॅकर असतात. त्यांतील मधला लाइनबॅकर हा रचनेचा कणा असतो. १९५६ साली संघात आलेल्या सॅम हफ यांना लँड्री यांनी ही जागा दिली. या रचनेचे जनकत्व एकट्या लँड्री यांच्याकडे जात नाही. शिकागो बेअर्सचे बिल जॉर्ज हेही त्याच सुमारास मधल्या जागेवरून मागे सरकून खेळू लागले होते. मात्र तिला नियमबद्ध पद्धतीचे रूप लँड्री यांनी दिले.

या पद्धतीत प्रत्येक खेळाडूकडे ठरावीक मोकळी जागा राखण्याचे काम असे. चेंडू दिसताच त्याच्यामागे धावणे ही बचावपटूची स्वाभाविक प्रवृत्ती असते. लँड्री यांना ती मान्य नव्हती. प्रत्येकाने आधी आपली जागा सांभाळावी आणि शेजारचा आपली जागा सांभाळील यावर विश्वास ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. कारण एकाने जागा सोडली की संपूर्ण रचना कोलमडते. सामन्यांच्या चित्रफिती पाहून प्रतिस्पर्धी कोणत्या मांडणीतून कोणती चाल खेळतात, याची ते नोंद ठेवीत.

१९५६ च्या अंतिम सामन्यात जायंट्सने शिकागो बेअर्सचा ४७-७ असा पराभव केला. २१ डिसेंबर १९५८ रोजी ब्राउन्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात विख्यात धावपटू जिम ब्राउन यांना केवळ ८ यार्डांवर रोखून जायंट्सने १०-० असा विजय मिळवला. पुढच्याच आठवड्यात मात्र अंतिम सामन्यात बाल्टिमोर कोल्ट्सने जादा वेळेत २३-१७ अशी मात केली.

== डॅलस काउबॉईज ==
१९६० साली लँड्री नव्याने स्थापन झालेल्या काउबॉईजचे पहिले मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या हंगामात संघाला एकही विजय मिळाला नाही. ११ सामने गमावले आणि एक बरोबरीत सुटला. तो नेमका जायंट्सविरुद्धचा होता. सुरुवातीची सर्व वर्षे अपयशाची असतानाही मालक क्लिंट मर्चिसन यांनी १९६४ साली त्यांच्याशी १० वर्षांचा नवा करार केला. १९६६ ते १९८५ या सलग २० हंगामांत संघाचे विजय पराभवांहून अधिक राहिले.

१९६० च्या दशकात लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सचे धावपटू सहकाऱ्यांनी उघडलेली वाट पाहून ऐनवेळी दिशा बदलत. त्यावर उपाय म्हणून लँड्री यांनी ‘फ्लेक्स’ रचना तयार केली. तिच्यात पुढच्या ओळीतील दोन खेळाडू किंचित मागे उभे राहत आणि चाल ओळखूनच पुढे सरसावत. ही पद्धत अंगवळणी पडण्यास वेळ लागे. दुसरीकडे, आपल्याच ४-३ रचनेला गोंधळात टाकण्यासाठी त्यांनी चढाईतही सतत जागा बदलणाऱ्या मांडण्या आणल्या.

१९६६ आणि १९६७ चे अंतिम सामने काउबॉईजने पॅकर्सविरुद्धच गमावले. त्यांपैकी दुसरा सामना ग्रीन बे येथे गोठवणाऱ्या थंडीत झाला आणि अखेरच्या काही सेकंदांत हातचा गेला. पाचव्या सुपर बोलमध्येही कोल्ट्सकडून १३-१६ अशी हार पत्करावी लागली. तरी डॅलसचे लाइनबॅकर चक हाउली सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. पुढच्या वर्षी, १६ जानेवारी १९७२ रोजी, काउबॉईजने मायामी डॉल्फिन्सला एकही टचडाउन करू न देता २४-३ असा विजय मिळवला. १९७८ साली डेन्व्हर ब्रॉन्कोजला २७-१० असे नमवून त्यांनी दुसरे सुपर बोल जिंकले. आणखी दोन सुपर बोलमध्ये त्यांना पिट्सबर्ग स्टीलर्सकडून पराभव स्वीकारावा लागला.

== अखेरची वर्षे आणि वारसा ==
१९८६ पासून संघाची घसरण सुरू झाली. १९८८ च्या हंगामात १६ पैकी केवळ ३ सामने जिंकता आले. फेब्रुवारी १९८९ मध्ये संघ विकत घेताच जेरी जोन्स यांनी लँड्री यांना पदावरून दूर केले आणि जिमी जॉन्सन यांची नेमणूक केली. या निर्णयावर टेक्सासमध्ये तीव्र नाराजी उमटली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॅलसच्या नागरिकांनी लँड्री यांची भव्य मिरवणूक काढली. १९९० साली प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १९९३ साली जोन्स यांच्याच कारकिर्दीत काउबॉईजच्या सन्मानवलयात त्यांचे नाव झळकले.

बाद फेरीतील सामन्यांसह लँड्री यांच्या नावावर २७० विजय आहेत. त्यांच्या हाताखाली घडलेले माइक डिटका आणि डॅन रीव्ह्ज हे पुढे नामवंत मुख्य प्रशिक्षक झाले. रक्ताच्या कर्करोगाने लँड्री यांचे निधन झाले. डॅलस आणि फोर्ट वर्थ या शहरांना जोडणाऱ्या महामार्गाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. ४-३ ही आजही अमेरिकन फुटबॉलमधील एक मूलभूत बचावरचना मानली जाते.